अर्ध्या वाटेवरून

माझी थोरली बहीण, आम्हां सर्वांची अक्का, बेळगावास असते. तिने मला एक प्रश्न विचारला, त्यास आता काही वर्षे लोटली. "तो दुसरा माणूस पोहोचला ना रे? मग आमचाच मुलगा का मागे फिरला?" एवढाच तो प्रश्न. त्या वेळी हवामान, दैव, परदेश असले चार शब्द बोलून मी वेळ मारून नेली. परंतु काही प्रश्नांची गंमत अशी की विचारणारा ते टाकून मोकळा होतो आणि ज्यास विचारले त्याच्या घरी ते बिऱ्हाड करून राहतात. हा प्रश्न तसा राहिला आहे. विमानाशी ज्यांचा संबंध प्रवाशापुरताच येतो, त्यांनाही तो आपापल्या रीतीने कधी ना कधी पडलेला असणार, म्हणून तो वाचकांपुढे मांडून पाहतो.

अक्काचा धाकटा मुलगा, माझा भाचा, अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील बेकर्सफील्ड येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेला आहे. लहानपणापासून त्यास विमानाचे वेड. तेथे छोटे विमान उडविण्याचा परवाना त्याने मिळविला आणि 2018 सालच्या एप्रिलात एक विमान विकत घेतले. त्याच्या दृष्टीने ते नवे. वस्तुतः ते 1974 साली बांधलेले होते. सेस्ना 172 या जातीचे, चार माणसे जेमतेम बसतील एवढे, एकाच इंजिनाचे. या जातीची 44,000 हून अधिक विमाने आजवर बांधली गेली आहेत, आणि जगात दुसऱ्या कोणत्याही जातीची एवढी बांधली गेलेली नाहीत. विमान मिळाले ते कॅन्सस राज्यात, विचिटा या शहराजवळच्या एका गावी. विचिटा हे या विमानांचे माहेरच. तेथून बेकर्सफील्ड सुमारे 1,900 किलोमीटर. बाजारात घेतलेली म्हैस धन्याने स्वतः हाकीत घरी आणावी, तसे हे विमान त्याने स्वतः उडवीत घरी आणावयाचे होते. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास त्याचा वेग. हवा निवळ असेल तर दोन दिवसांचा रमतगमत प्रवास.

घेताना त्याने सर्व काळजी घेतली होती. जमीन घेताना आपण उतारा पाहतो, तसे अमेरिकेत विमानाच्या मालकीचे दप्तर ओक्लाहोमा सिटी येथे असते. तेथे कोणाचे कर्ज अगर बोजा नाही ना, हे पाहून घेतले. यंत्रज्ञाकडून इंजिनाच्या चारी सिलिंडरांतील दाब मोजून घेतला, चव्वेचाळीस वर्षांच्या नोंदवह्या चाळल्या. अक्का त्या वेळी तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलेली होती, आणि रविवारी रात्री लॉस एंजेलिसहून ती परत निघावयाची होती. जाण्यापूर्वी मुलगा आपल्या विमानातून उतरताना पाहावा, एवढी तिची इच्छा. तिने बेळगावास फोन करून आमच्या कुलदेवतेपुढे कौलही लावावयास सांगितला होता. कौल उजवा मिळाला. भाचा गुरुवारी कॅन्ससला गेला, शुक्रवारी विमान घेऊन निघाला, आणि टेक्सासच्या सपाटीवरील अमारिलो शहर ओलांडून संध्याकाळी न्यू मेक्सिको राज्यातील तुकुमकारी या लहानशा गावी उतरला. शनिवारी सायंकाळी घर.

तुकुमकारीहून पश्चिमेस जमीन चढत जाते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 4,000 फुटांवर. पुढे सान्ता रोसा लागते, आणि त्यापुढे क्लाइन्स कॉर्नर्स नावाच्या ठिकाणी रस्ता 7,000 फुटांच्या आसपास पोहोचतो. त्यानंतर सान्दिया पर्वताची रांग, तिच्यातील खिंड, आणि खिंडीपलीकडे आल्बुकर्की शहर. पूर्वेचा दमट वारा या चढणीवर चढू लागला की थंड होतो आणि त्याचे ढग बनतात. अशा ढगांचा तळ बहुधा एका पातळीत असतो. परंतु खालची जमीन पायरीपायरीने वर येते. म्हणजे छत जागच्या जागी आणि भुई मात्र उचलली जाते आहे, अशा खोलीतून चालल्यासारखे ते होते. शनिवारी सकाळी हेच घडले. तुकुमकारीवर ढग पुष्कळ उंच दिसत होते. सान्ता रोसा ओलांडल्यावर खालच्या हमरस्त्यावरील मालमोटारींचे दिवे स्पष्ट दिसू लागले, कारण तो त्यांच्या फार जवळ आला होता. समोर ढग व टेकडी एकमेकांस टेकलेली. त्याने विमान वळविले आणि तुकुमकारीस परत आला.

त्याच विमानतळावरून अर्ध्या तासाने साठीचे एक गृहस्थ निघाले. तसलेच विमान, तसलाच परवाना. दुपारी त्यांचा आल्बुकर्कीहून निरोप आला की ढगांत एक फट मिळाली, सुखरूप उतरलो. भाच्यासाठी मात्र ढग मंगळवारी सकाळी उघडले. तो संध्याकाळी घरी पोहोचला तेव्हा त्याची आई विमानात बसून सातासमुद्रांपलीकडे निघून गेली होती. अक्काचे वय पाहता ती पुन्हा एवढा प्रवास करील असे आम्हांपैकी कोणासच वाटत नव्हते, आणि तिने तो केलाही नाही.

आता प्रश्नाकडे येतो. ज्यांस ढगांत उडण्याचे वेगळे शिक्षण मिळालेले नाही, अशा वैमानिकाचे ढगांत शिरल्यावर काय होते, याचा एक प्रयोग 1954 साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झाला. बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून वीस जणांस विमान चालवावयास दिले. विसाच्या वीस जणांचा तोल गेला. विमान हातचे जाण्यास लागलेला वेळ सरासरीने 178 सेकंद, म्हणजे तीन मिनिटांसही दोन सेकंद कमी. कोणाचा तोल विसाव्या सेकंदासच गेला, कोणी आठ मिनिटे टिकला. याचे कारण भित्रेपणा नव्हे. आपल्या कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. शरीर वळले की त्यांतील द्रव मागे राहतो व आपणांस वळल्याची जाणीव होते. पण वळण सावकाश व एकसारखे चालू राहिले तर थोड्याच वेळात तो द्रवही नळीबरोबर फिरू लागतो आणि जाणीव नाहीशी होते. विमान एका अंगावर कलंडून खाली घरंगळत असते आणि आतल्या माणसास आपण सरळ चाललो आहोत असे मनापासून वाटत असते. नैयायिकांनी प्रत्यक्षास पहिले प्रमाण मानले. परंतु इंद्रिये विकल नसावीत ही अटही विचारवंतांनी घातलीच होती. येथे इंद्रिये निरोगी असूनही खोटी साक्ष देतात, हा त्यातला चमत्कार. समोरच्या तबकडीवरील कृत्रिम क्षितिज तेवढे खरे सांगत असते, आणि आपल्या सर्वांगास जे पटते आहे ते नाकारून त्या काचेवरच्या रेघेवर विश्वास ठेवणे हे शिकल्याशिवाय येत नाही.

मला या प्रयोगाची जी गोष्ट विशेष वाटते ती निराळीच आहे. तो प्रयोग ढगांतून पुढे जाण्याची विद्या शिकविण्यासाठी नव्हता. चुकून ढगांत शिरलेल्या माणसास अर्धे वर्तुळ घेऊन आल्या वाटेने बाहेर कसे पडता येईल, हे शोधण्यासाठी होता. थोड्या शिक्षणानंतर त्या लोकांस ते जमूही लागले. अभिमन्यूची कथा ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांस यात वेगळे काही सांगावयास नको.

परंतु अक्कास हे सारे सांगून तिचे समाधान होणार नव्हते, कारण तिचा मुद्दा विमानशास्त्राचा नव्हताच. दुसरा गेला आणि पोहोचला, यावर तिचे बोट होते. ते बोट खरोखर वर्मावर आहे. जो परत फिरतो त्यास आपण बरोबर होतो हे कधीच कळत नाही. पुढे गेलो असतो तर मेलो असतो, असे तो कोणास दाखवून देणार? जे घडले नाही त्याची साक्ष काढता येत नाही. उलट जो पुढे गेला आणि वाचला त्याच्या हाती धडधडीत पुरावा असतो: मी येथे उभा आहे. तो पुरावा खरा, पण त्याने सिद्ध काय होते? त्या दिवशी तेथे फट होती, एवढेच. आणि तो पुरावा त्यास पुढच्या वेळी आणखी थोडे खाली, आणखी थोडे पुढे जाण्यास शिकवील. गुरू म्हणून फळाइतके लबाड दुसरे कोणी नसेल.

फळाची आशा न धरता कर्म करावे, हे आपण कीर्तनांतून व पुराणांतून ऐकत आलो. बहुतेकांनी त्याचा अर्थ एवढाच घेतलेला असतो की फळ मिळाले नाही तरी कष्टी होऊ नये. त्या उपदेशास दुसरी धार आहे, ती आपण सोयीस्करपणे म्यान करून ठेवतो. फळ मिळाले एवढ्यावरून कर्म योग्य होते असे ठरत नाही. परीक्षेत नक्कल करून उत्तीर्ण झालेला मुलगा, ठेवीच्या पैशाने सट्टा खेळून तो वेळेवर परत भरणारा खजिनदार, हे सगळे त्या ढगांतून पार झालेल्या गृहस्थांचे सोबती होत. आपण त्यांना नावे ठेवीत नाही. ते फसले तरच ठेवतो.

याचे एक उदाहरण सर्वांच्या वाचनात आले असेल. 16 जुलै 1999 रोजी अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन केनेडी न्यू जर्सीतील एका विमानतळावरून आपले विमान घेऊन निघाले. पायपर साराटोगा जातीचे ते विमान त्यांनी त्याच वर्षीच्या एप्रिलात घेतलेले. बरोबर पत्नी आणि मेहुणी. मेहुणीस मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर उतरवून पुढे चुलत बहिणीच्या लग्नास जावयाचे. उजेडी निघण्याचा बेत होता. उशीर होत होत रात्रीचे साडेआठ उलटून गेले. समुद्रावर धुरकट हवा, क्षितिज दिसेना. बेटाजवळ येऊन उतरणीस लागलेले विमान समुद्रात कोसळले आणि तिघेही गेले. चौकशीत कारण निघाले ते हेच, दिशाभ्रम. त्यानंतर जगभर लोक म्हणाले की एवढ्या थोड्या अनुभवावर त्यांनी निघावयास नको होते. ते खरेच होते. परंतु त्या रात्री ते सुखरूप उतरले असते तर निघण्याचा निर्णय तोच, हवा तीच, अनुभवही तेवढाच असता, आणि लग्नमंडपात लोकांनी त्यांच्या धडाडीचे कौतुक केले असते.

विमान उडवीत घरी आणण्याची हौस काही अमेरिकेचीच नव्हे. आपल्याकडे आगाखान यांनी जाहीर केलेल्या 500 पौंडांच्या बक्षिसामुळे 1930 साली ती फार गाजली. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर एका महिन्याच्या आत एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयास ते मिळावयाचे होते. रावळपिंडीचे मनमोहन सिंग 'मिस इंडिया' असे नाव दिलेले आपले जिप्सी मॉथ विमान घेऊन इंग्लंडहून निघाले. त्यांचे आधीचे प्रयत्न अर्धवट राहिले होते. शेवटी ते कराचीस पोहोचले, पण वाटेतील खोळंब्यामुळे मुदत उलटून गेली होती. बक्षीस मिळाले ते अवघ्या सतरा वर्षांच्या अस्पी इंजिनिअर यांस, जे पुढे 1960 साली आपल्या वायुसेनेचे प्रमुख झाले. त्याच शर्यतीत उलट दिशेने, कराचीहून इंग्लंडकडे, निघालेले जे. आर. डी. टाटा यांची व इंजिनिअर यांची इजिप्तमधील अबुकीर येथे गाठ पडली. इंजिनिअर स्पार्क प्लगांवाचून अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांस दिले. ही हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे आणि ती सांगण्याजोगीही आहे. पण मनमोहन सिंगांची आठवण किती जणांस आहे? उशिरा का होईना, ते विमान घेऊन देशी आले. मुदतीने त्यांस हरविले. थांबणाऱ्याची आणि मागे फिरणाऱ्याची गोष्ट होत नाही, हे आपल्या स्मरणशक्तीचे वैगुण्य आहे. आपल्या भाषेत तरी काय, 'माघार' या शब्दास नामुष्कीचा वास येतोच.

येथे एक आक्षेप मला स्वतःलाच सुचतो आणि तो टाळणे बरे नव्हे. फळावरून कर्म पारखावयाचे नाही म्हटले, तर भित्र्याचीही सोय झाली! प्रत्येक वेळी तो अर्ध्या वाटेवरून परत येईल आणि वर म्हणेल की मी विवेक केला. मग विवेक कोणता आणि भय कोणते, हे ओळखावे कशावरून?

हा प्रश्न मी भाच्यास पत्राने विचारला होता. त्याने उत्तरादाखल कागदाच्या एका चिटोऱ्याचे छायाचित्र पाठविले. शनिवारी सकाळी निघण्यापूर्वी त्याने त्यावर लिहिले होते: ढगांचा तळ व जमीन यांत हजार फुटांहून कमी अंतर राहिले, किंवा समोरचे पाच मैलांपलीकडचे दिसेनासे झाले, तर त्याच क्षणी परत. खाली तारीख, वेळ आणि गावाचे नाव. तो लिहितो, "मामा, वर गेल्यावर मी विचार केलाच नाही. वर गेल्यावर घर दिसायला लागतं, आई दिसते, नवं विमान किती छान चाललंय ते कळत असतं. त्या वेळी विचार करणारा मी भरवशाचा नसतो. म्हणून जमिनीवरच्या माझं ऐकलं."

पूजेस बसताना आपण संकल्प सोडतो. त्यात देश व काल यांचा उच्चार करावयाचा असतो, आणि मग मी अमुक एक करीन असे म्हणावयाचे असते. लहानपणी भटजींच्या तोंडची ती लांबलचक यादी मला कंटाळवाणी वाटे. या चिटोऱ्याने तिचे मर्म थोडेसे उलगडले. मोहाचा क्षण येण्यापूर्वी, मन स्थिर असताना, जागा व वेळ सांगून स्वतःस बांधून घेणे. भित्रा माणूस परत फिरण्याची रेघ वाटेत, भीती वाटली की, ओढतो. याने ती निघण्यापूर्वी ओढली होती आणि तीपर्यंत तो गेला होता. परत फिरलेल्यास एकच साक्षीदार असू शकतो, आणि तो त्याने अगोदरच नेमून ठेवलेला असावा लागतो. अक्काने लावविलेला कौल उजवा मिळाला होता हे खरे. पण कौलाला विचारले होते ते जावे की नाही एवढेच. कोठून परतावे, हे कोणी विचारले नव्हते.

येथवर मी भाच्याचा वकील आहे. आता त्याच्या विरुद्ध जे म्हणावयाचे तेही सांगितले पाहिजे, कारण अक्काची तक्रार मला चुकीच्या जागी वाटते, तक्रारच चूक आहे असे नव्हे.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास तो तुकुमकारीस परत उतरला. अक्का निघावयाची होती रविवारी रात्री. मधे जवळजवळ दीड दिवस होता. अमारिलो तेथून सडकेने दोन तासांवर. तेथून मोठ्या कंपन्यांची विमाने सुटतात. ते साधले नाही तर पश्चिमेकडे जाणारी बस त्या गावी थांबते. विमान दोरांनी बांधून, विमानतळावरच्या माणसास किल्ली देऊन, तो सहज आईपाशी पोहोचला असता आणि पुढच्या आठवड्यात येऊन विमान घेऊन गेला असता. त्याने तसे केले नाही. ढग दुपारी उघडतील म्हणून तो थांबला. दुपारी म्हणाला, संध्याकाळी. संध्याकाळी म्हणाला, पहाटे. रविवारी दुपारी जेव्हा कोणत्याही वाहनाने वेळेवर पोहोचणे शक्य उरले नाही, तेव्हा त्याने आईस फोन केला. तोवर तो त्या विमानाच्या पंखाखाली बसून होता. काही पुसत होता, काही घासत होता, तेलाची पातळी पुनःपुन्हा पाहत होता. नवी वस्तू माणसास कशी धरून ठेवते, हे ज्याने नवे घर बांधले आहे किंवा पहिली मोटार घेतली आहे, तो जाणतो.

आकाशात कोठून परतावे याचा कागद त्याने केला होता. जमिनीवर किती वेळ थांबावे, याचा कागद केला नव्हता. जीव जाण्याचा धोका जेथे होता तेथे तो स्वतःवर अविश्वास ठेवावयास शिकला होता. जेथे केवळ आईची भेट चुकावयाची होती, तेथे तो बेसावध राहिला. मला वाटते, बहुतेक सरळमार्गी माणसे अशीच चुकतात. मोठ्या अनर्थापुढे आपण पहारा बसवितो. लहानसे, हळूहळू होणारे नुकसान मागच्या दाराने आत येते. पुढे गेलेल्या त्या गृहस्थांशी भाच्याची तुलना करण्याचे कारण नव्हते. तुलना करावयाचीच तर सकाळी सान्ता रोसापलीकडे वळलेल्या त्याच्याशी आणि दुपारी पंखाखाली बसलेल्या त्याच्याशी करावी.

हे मी भाच्यास लिहिले. त्याचे उत्तर दोन महिन्यांनी आले, आणि त्यात या विषयाचा एक शब्द नव्हता. परंतु त्याची बायको फोनवर सहज बोलून गेली की हल्ली विमान घेऊन बाहेरगावी जाताना तो चिटोऱ्यावर तिसरी ओळ लिहितो: अमुक वाजेपर्यंत निघता आले नाही, तर विमान तेथेच ठेवून बस.

अक्कास मात्र मी अजून उत्तर दिलेले नाही. तिच्या खोलीत देवघराशेजारी त्या विमानाचे छायाचित्र लावलेले आहे. पांढऱ्या अंगावर तांबडी पट्टी, आणि पंखाखाली उभा असलेला भाचा. आल्यागेल्यास ती ते दाखविते. गेल्या दिवाळीस मी गेलो होतो तेव्हा शेजारच्या बाईंस ती सांगत होती, "एवढं लांबून त्यानं एकट्यानं आणलं हो ते." किती दिवस लागले, हे बाईंनी विचारले नाही. निघताना मी पाया पडलो आणि "येतो" म्हणालो. "सावकाश जा," ती म्हणाली, "चोर्ल्याच्या घाटात धुकं असलं तर थांब कुठंतरी."